शेक, शेख आणि मिठाची पुरचुंडी

जुलै महिन्यात गरम पाण्याची पिशवी मांडीवर घेऊन बसणारी दुबईत मी एकटीच असेन. एसी बंद केला तर घरातली सगळी माणसं माझ्याकडे रागाने बघतात आणि चालू ठेवला तर माझे गुडघे मला बघून घेतात. म्हणून दुपारच्या नमाजानंतर मी पिशवीत कढत पाणी भरते आणि गुडघ्यावर ठेवून बसते. माझी नात सना सुट्टीमुळे दिवसभर घरीच. ती म्हणते, "दादी, इट्स फोर्टी-फाइव्ह डिग्रीज आउटसाइड!"

"मी कुठे आउटसाइड आहे?" मी म्हणते.

काल माझ्या मुलाने, यूसुफने, रास अल खोरच्या बाजारातून रुतबचा खोका आणला. रुतब म्हणजे नुकता पिकलेला, अजून न सुकलेला खजूर. अर्धा पिवळा, अर्धा तपकिरी. एका टोकाला कुरकुरीत आणि दुसऱ्या टोकाला नुसता मध. खोक्याची चिकटपट्टी सुटली आणि करामा भागातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात पाटाच्या पाण्याचा, ओल्या मातीचा आणि गाढवांच्या लिदीचा वास आला. सनाला तो आला नाही. तिला कसा येणार? तो खोक्यात नव्हताच.

मांडीवर ती पिशवी आणि हातात रुतब, या दोन गोष्टी एका दिवशी जमून आल्या की मला एकच हंगाम आठवतो. तेव्हा यूएई हे नावसुद्धा नव्हतं. साठ-सत्तरच्या मधली वर्षं. बाजारात अजून रुपयेच चालत. रास अल खैमाच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी खजुराच्या बागांचं एक गाव होतं. उन्हाळ्याला तिथे 'गेझ' म्हणत. गेझ लागला की किनाऱ्यावरची माणसं दमटपणाला वैतागून उंट-गाढवांवर बिऱ्हाड लादायची आणि बागांत राहायला यायची. दोन दिवसांत झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहत. आमच्या रत्नागिरीकडे माडाच्या झावळ्या, इथे खजुराच्या, एवढाच काय तो फरक. विणताना तोंड चालतं ठेवण्याची बायकांची सवय दोन्हीकडे सारखीच.

त्या गावात कॅनडातल्या एका धर्मादाय संस्थेचा दवाखाना होता. मातीच्या विटांच्या मोजक्या खोल्या, वर झावळ्यांचं छप्पर, रॉकेलवर चालणारा एक फ्रीज आणि मनात आलं तर चालणारा एक जनरेटर. यूसुफचे अब्बा तिथे कंपाउंडर होते. मुंबईतल्या एका औषधाच्या दुकानातलं काम सोडून ते आगबोटीने दुबईला आले आणि ओळखीने इथे पोचले. मागून मी यूसुफला कडेवर घेऊन आले. निघताना सासऱ्यांनी यांना विचारलं होतं, "मिशनवाल्यांचा दवाखाना म्हणतोस. बाटवणार तर नाहीत ना रे?"

हे म्हणाले, "बाटवायला आधी त्यांना फुरसत मिळायला पाहिजे, बाबा."

ते खरंच होतं. सकाळी दार उघडायच्या आधी माणसं येऊन बसलेली असत. डोळे आलेली मुलं, जुनाट जखमा, ताप. मुख्य डॉक्टर एक बाई होत्या. अरब बायका त्यांना 'दख्तूरा' म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणायला लागलो. रुंद हाडाच्या, उन्हाने नाक सोललेल्या, चालताना सँडलचा फटफट आवाज करणाऱ्या. त्या अरबी बोलत, पण ते पुस्तकात शिकलेलं. बायका म्हणत, दख्तूरा बोलते तेव्हा रेडिओ लागल्यासारखं वाटतं. ऐकायला छान, कळत काही नाही. बायकांच्या खोलीत यांना जाता येत नसे, त्यामुळे मधल्या निरोपांचं काम माझ्याकडे आलं. माझं अरबी बाजारातलं आणि हिंदी रत्नागिरीचं. पण तिथल्या जुन्या बायकांचे नवरे एके काळी गलबतं घेऊन मुंबईला जायचे, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी त्यांच्याही कानावर होतं. दोन्हीकडून मोडलेली भाषा असली की मधे बरोबर जोड बसतो.

कॅनडाहून लाकडी पेट्या यायच्या. पेटी उघडायचा दिवस म्हणजे आम्हाला सणच. दख्तूरा ज्या गावच्या होत्या तिथे लांबच लांब गव्हाची शेतं होती आणि हिवाळ्यात खिडकीपर्यंत बर्फ साचायचं. तिथल्या बायका दर आठवड्याला एकत्र जमून आमच्यासाठी काही ना काही करायच्या. जुन्या चादरी फाडून त्यांची बँडेजं गुंडाळलेली असत. चादरी फुलाफुलांच्या, त्यामुळे आमच्या गावात भरदार मिशांचे उंटवाले गुडघ्याला गुलाबी फुलांची पट्टी बांधून हिंडत. गोधड्या यायच्या, अगदी आमच्यासारख्याच ठिगळांच्या. मी एक उलटून टाके पाहिले आणि मनातल्या मनात म्हटलं, ही बाई माझ्या मावशीकडे चार दिवस राहिली तर सुधारेल.

त्या वर्षी गेझच्या ऐन मध्यावर एक पेटी आली. लोखंडी कडीला हात लावला तर चटका बसत होता. आत लोकरीच्या टोप्या निघाल्या आणि त्यांच्याखाली गरम पाण्याच्या रबरी पिशव्या, एक-दोन नव्हे, चांगल्या थप्पीच्या थप्पी. आम्ही सगळे घामाने निथळत उभे होतो. कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग आवरेनाच. यूसुफच्या अब्बांनी पिशवी कानाला लावून हलवली आणि म्हणाले, "आता बर्फ कधी पाठवणार आहेत, तेवढं विचारून घ्या."

मी ते दख्तूरांना कसंबसं समजावलं. त्यासुद्धा हसल्या. मग पिशवी हातात घेऊन म्हणाल्या, आमच्याकडे आजारी माणसाला पहिली ही देतात. बाकी काही जमलं नाही तरी ऊब देता येते. त्यांच्या बोलण्यात कुठेतरी घरची आठवण होती. यांनी रबर चिकटू नये म्हणून प्रत्येक पिशवीला पावडर चोपडली आणि सगळ्या कपाटाच्या तळाशी ठेवून दिल्या. दान आलेलं टाकायचं नाही, हा दख्तूरांचा नियम होता.

याच हंगामात मोझा आली.

मोझा वयाने माझ्याएवढीच, म्हणजे पोरगेलीच. तिचं पहिलं बाळंतपण घरी झालं होतं आणि मूल चारच दिवसांत गेलं. दुसऱ्या वेळी मूल अडलं आणि पोटातच गेलं. ही तिसरी वेळ. कळा सुरू होऊन रात्र उलटल्यावर तिला गाढवावर बसवून आणलं. सोबत तिची सासू, उम्म राशिद, म्हणजे राशिदची आई. तोंडावर मुखवट्यासारखा चकचकणारा बुरखा, त्याच्या फटीतून दोन करडे डोळे आणि ओढणीच्या टोकाला बांधलेली एक पुरचुंडी.

त्या पुरचुंडीत मीठ होतं. कोवळ्या वाचकांनी माफ करावं, पण हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिथे बाळंत झालेल्या बाईच्या अंगात मिठाचे खडे भरत. रोज नवे, काही दिवस. मिठाने जखम स्वच्छ होते, अंग आवळतं, बाई पुन्हा पहिल्यासारखी होते, असं सगळ्या धरून चालत. आईने मुलीला केलेलं, मुलीने सुनेला. प्रत्यक्षात मिठाने आतलं मांस सुकून कडक व्हायचं, वाट आवळून बसायची आणि पुढच्या वेळी मूल अडायचं. मोझाचं दुसरं मूल असंच गेलं होतं. आपण कशाने अडलो हे त्या मुलाला कळलं नाही, त्याच्या आईलाही नाही.

दख्तूरांनी त्या दिवशी ती कडक झालेली वाट कापून मोकळी केली. खोली अंधारी, म्हणून मी कंदील धरला होता. जनरेटरच्या मनात नव्हतं. मुलगी झाली. ती रडली तेव्हा दख्तूरांनी इंग्रजीत काहीतरी पुटपुटून डोळे मिटले आणि मी बिस्मिल्ला म्हणायचं ते 'अल्ला, अल्ला' करत बसले. मग त्यांनी टाके घातले आणि मला बाजूला घेऊन हळूहळू, शब्द निवडून सांगितलं, जे मला आजही तसंच ऐकू येतं. आता या जखमेत मीठ गेलं तर सगळं पुन्हा बंद होईल. पुढच्या वेळी मलाही उघडता येणार नाही. मूल तर नाहीच, मोझाही वाचणार नाही.

आम्ही खोलीत परत आलो तेव्हा उम्म राशिद पुरचुंडीची गाठ सोडत होती. "दख्तूराने काटा, सिया, खलास," ती मला म्हणाली. "अब मेरा काम."

दख्तूरांनी रेडिओवरच्या अरबीत तिला सगळं समजावलं. म्हातारीने शांतपणे ऐकून घेतलं, मग विचारलं की मीठ नाही तर मग काय करायचं? काही नाही, दख्तूरा म्हणाल्या. स्वच्छ ठेवायचं, पडून राहायचं. हे ऐकल्यावर मात्र म्हातारी भडकली. शेळी व्याली तरी आम्ही तिला काही ना काही करतो आणि ही काय शेळीपेक्षा गेली? मग माझ्याकडे वळली आणि एकदम तिचा आवाज खाली आला.

"ये मेरे भाई की बेटी है. मैं मांग के लाई. मिल्ह नहीं भरेगा तो राशिद दूसरी औरत लाएगा. फिर मैं भाई को क्या मुंह दिखाऊं?"

मिल्ह म्हणजे मीठ. तोपर्यंत मी त्या म्हातारीला मनातल्या मनात बरीच नावं ठेवली होती. पण ती मुलीला छळायला आलीच नव्हती, वाचवायला आली होती. तिच्याजवळ तेवढंच होतं, मुठीत मावेल इतकं मीठ. मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त भीती वाटली. आज ना उद्या ती मोझाला घरी नेणार आणि तिथे दख्तूरांचं काही चालणार नाही. मीठ काढून घेऊन भागणार नव्हतं. त्याच्या जागी काहीतरी द्यायला हवं होतं.

माझ्या आईने मला यूसुफच्या वेळी जे दिलं तेच मला आठवलं. बाजेखाली शेगडी, तिच्यात ओव्याची धुरी, कंबरेला आणि पाठीला कढत शेक. आमच्याकडेही म्हणतातच, शेक घेतला नाही तर बाईचं अंग सैल राहतं. मी तिच्यासमोर बसले, कंबरेवर हात ठेवला आणि सांगितलं, "हमारे यहां मिल्ह नहीं देते. शेक देते. उससे अंग टाइट होता है, एकदम पहले जैसा."

हिंदीत त्याला 'सेक' म्हणतात हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. मी आपला घरचा शब्द रेटून दिला.

म्हातारीचे डोळे बुरख्याच्या फटीत मोठे झाले. "शेख?" तिने विचारलं. "शेख बोलते हैं?"

मला वाटलं, ती विचारतेय, तुमच्याकडे याला शेक म्हणतात का?

"हां हां," मी ठासून म्हणाले. "शेक बोलते हैं."

तिने पुरचुंडीला पुन्हा गाठ मारली. मला माझ्या हिंदीचा फार अभिमान वाटला.

इकडे दख्तूरांच्या कानावरही तो शब्द पडला होता. त्या धावत खाटेपाशी आल्या. "शेक? व्हाय शेक हर? नो शेकिंग, हलीमा! शी हॅज स्टिचेस!"

मोझाला गदागदा हलवायचा माझा बेत नाही, हे त्यांना पटवायला मला दोन्ही हात, एक गरम किटली आणि बरंच तोंड वापरावं लागलं. पटल्यावर त्या खाली बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग त्यांनी विचार केला. कंबरेला, पाठीला ऊब दिल्याने काही बिघडत नाही. टाक्यांपासून लांब ठेवा, कपड्यात गुंडाळा. आणि उठून स्वतःच म्हणाल्या, "हलीमा, द बॉटल्स!"

यांनी दारातून पिशव्या आत सरकवल्या. हात, बाह्या, दाढी, सगळीकडे पावडर. "घ्या," हे बाहेरून म्हणाले, "पडलं एकदाचं बर्फ."

अशा रीतीने, बाहेर पाखरंसुद्धा सावलीत तोंड उघडून बसली होती त्या दुपारी, आम्ही कॅनडाच्या पिशव्यांत कढत पाणी भरून मोझाला शेक दिला. नुसत्या रबराने म्हातारीचं समाधान झालं नसतं, म्हणून मी घरून मूठभर ओवा आणला आणि धुपाटण्यात निखाऱ्यावर टाकला. दख्तूरांनी धुपाटणं बाळापासून लांब, उंबऱ्याबाहेर ठेवायला लावलं आणि तरी खोकत राहिल्या. वास मात्र आत आला. उम्म राशिदने तो नाकाने ओढून घेतला आणि पहिल्यांदाच मान हलवली. मोझा घामाने डबडबली होती, पण तिची कंबर सैलावली आणि ती झोपली. तिची मुलगी लोकरीची टोपी घालून शेजारी होती. टोपी उम्म राशिदनेच उचलून घातली; तिला ती दागिन्यासारखी वाटली असावी.

मोझा निघाली त्या सकाळी मी दारात उभी राहून फक्त म्हातारीच्या ओढणीचं टोक बघत होते. ते मोकळं होतं. पुरचुंडी खिडकीतच राहिली होती. मी ती घेऊन मागे पळाले. का ते विचारू नका, विसरलेली वस्तू परत द्यायची असं अंगवळणी पडलेलं. "उम्म राशिद, मिल्ह!"

तिने वळून बघितलं आणि हात झटकला. "खलास. तू रख."

मी पाटाच्या कडेला उभी राहून रडले. आनंदाने रडतात म्हणतात, ते मला तोपर्यंत उगाच वाटायचं. घरी येऊन मी त्या मिठात बागेतल्या लिंबांचं लोणचं घातलं. चांगलं मीठ टाकवत नाही.

पंधरा-वीस दिवसांनी खरी गंमत कळली. दवाखान्यात बायका येऊन 'दवा माल शेख' मागायला लागल्या, म्हणजे शेखचं औषध. बाळंतिणींना मीठ भरू नका, कंबर शेकवा, असं शेखने सांगितलंय, अशी बातमी बागाबागांतून फिरली होती. कोणता शेख, याबद्दल एकमत नव्हतं. काहींना वाटलं गादीवरचा, काहींना कुणी जुना धर्मगुरू. यूसुफच्या अब्बांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते इतके हसले की हातातलं औषध मोजायचं राहिलं. "आमच्या गावात शेख आडनावाची निम्मी वस्ती," ते म्हणाले, "पण फर्मान काढलं ते तू."

दख्तूरांना हे रुचलं नाही. त्या सत्याच्या बाबतीत भारी कडक. त्यांनी एका सकाळी सगळ्या बायकांसमोर उभं राहून पुस्तकातल्या अरबीत जाहीर केलं की हे शेखने सांगितलेलं नाही. हा हलीमाच्या भाषेतला एक शब्द आहे. बायकांनी अदबीने ऐकलं. मग एकीने दुसरीच्या कानात सांगितलं आणि तिने मला सांगितलं, बघ किती मोठ्या मनाचा माणूस, स्वतःचं नावसुद्धा नको म्हणतो. दख्तूरांनी पुन्हा प्रयत्न केला नाही.

सगळ्यांनीच मीठ सोडलं असं मी म्हणणार नाही. कितीतरी घरांत ते चालूच राहिलं. पुढे मोठी इस्पितळं झाली, मुली शाळेत गेल्या, मीठ गेलं ते त्यामुळे. आमच्या शेखचं राज्य दहा-बारा बागांपुरतंच होतं. पण त्या पिशव्यांबद्दल मला अजून नवल वाटतं. बर्फात बसलेल्या त्या बायकांना वाळवंट ठाऊक नव्हतं. आपल्याला आजारपणात जे हवंसं वाटतं ते त्यांनी पेटीत भरलं. चूकच ती. त्यावर आम्ही पोट धरून हसलो. आणि ती चूक माझ्या चुकीला नेमकी येऊन भेटली. कॅनडातल्या त्या बायकांना हे कधी कळलं का, मला माहीत नाही. मी सनाला सांगितलं तर ती म्हणाली, "सो इट वॉज फेक न्यूज, दादी?" मी तिला रुतब खायला दिला.

त्यानंतर एक गेझ गेला. दुसऱ्या गेझला, रुतब उतरवायला माणसं झाडांवर चढली होती तेव्हा, मोझा पुन्हा आली. दिवस भरलेले आणि कडेवर टोपीवाली मुलगी. मागे उम्म राशिद. तिच्या ओढणीच्या टोकाला गाठ होती.

या वेळी दख्तूरांना कापावं लागलं नाही. मुलगा झाला आणि तो आपल्या वाटेने आला. तरी मी त्या गाठीवर नजर ठेवून होते. सगळं आटोपल्यावर म्हातारी उठली, माझ्यासमोर आली आणि गाठ सोडली. आत ओवा होता. माणूस पाठवून तिने तो दुबईच्या हिंदी दुकानातून आणवला होता.

"यल्ला," तिने मला फर्मावलं. "शेख!"

मी पिशवी भरली. ती तिने माझ्या हातातून काढून घेतली, कपड्यात गुंडाळली, मोझाच्या कंबरेला टेकवली आणि निखारे उंबऱ्याबाहेर ठेवायचे म्हणून मलाच दटावलं. तुला यातलं काय कळतंय, असा एकूण सूर होता. मी बरं म्हटलं.

दुपारी मी घरून भात आणि मासे आणले आणि बाजूला ते लिंबाचं लोणचं वाढलं. दोन वर्षं मुरून ते काळं झालं होतं. म्हातारीने बुरखा जरा उचलून एक फोड तोंडात टाकली, चोखली आणि विचारलं, हे कशाचं?

"आपका मिल्ह," मी म्हटलं.

तिने खाटेकडे बघितलं. मोझा झोपली होती, कुशीत मुलगा दूध पिता पिता थांबला होता. मग म्हातारीने बोटांनी दुसरी फोड उचलली.

"हां," ती म्हणाली. "मिल्ह इधर अच्छा."